रेजिसचा प्लास्टिकचा डिरेलर

फ्रान्समधल्या आमच्या सेंतेत्येन गावात सायकली बनायच्या, तेव्हा जगाच्या उलट काही केल्याशिवाय आमच्या लोकांना अन्न पचत नसे. जगाच्या स्क्रूंचे आटे एक, आमचे दुसरेच. हँडलचा दांडा केसभर बारीक, का तर बारीक. पेडलच्या आसाची उजवी वाटी सगळं जग उलट्या आट्यांनी बसवतं, म्हणजे पाय मारताना ती सुटत नाही. आमची सरळ आट्यांची. घाट चढेपर्यंत ढिली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे प्लास्टिकचा डिरेलर! चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलायचं अवघड काम, आणि ते दिलं साबणाच्या डबीला. माझा नवरा रेजिस कारखाना बंद पडेपर्यंत तेच जोडत होता. "वजनाला हलका आहे, सोलांज," असं मला अजून ऐकवतो. अक्कलही हलकीच.

आमच्या लुडोविकने आपल्या सायकलला जपानी डिरेलर लावला, त्या दिवसापासून बापाने पोराशी अबोला धरलाय. पोरगा लियोंहून नाताळला येतो, समोर बसून जेवतो, आणि हा मीठसुद्धा माझ्यामार्फत मागतो. किती नाताळ असे गेले! तळहाताएवढ्या वस्तूपायी माझं घर मुकं झालं. मला त्या दोघांचा वीट आला होता.

रविवारी जुन्या सायकलींच्या क्लबची रेपुब्लिक घाटाची फेरी होती. रेजिस पुढे, छाती काढून. लुडोविक न बोलावता आला आणि बापाच्या मागे अंतर ठेवून चालवू लागला. सर्वांत मागे मी, बटाट्याची धिरडी आणि सॉसेज भरलेली गाडी घेऊन.

जंगल सुरू होतं तिथे रेजिसने गिअर बदलला. कट्ट! डिरेलरचे दोन तुकडे, चेन लोंबकळतेय.

"तुझा जपानी लाव की," मागून येणारे क्लबचे अध्यक्ष हसून लुडोविकला म्हणाले.

"त्यापेक्षा मी चालत जाईन," रेजिस झाडाला सांगितल्यासारखा म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

 लुडोविकने खिशातून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून बापापुढे धरली. तोच डिरेलर. तोच काळा, भिकार, आमच्या गावचा. जुन्या बाजारांत फिरून कधी शोधला होता कोण जाणे.

रेजिसने तो उलटसुलट करून पाहिला, नाक मुरडलं आणि माझ्याकडे वळला.

"तुझ्या पोराला सांग, हाही तुटेल."

"तिला माहीत आहे, बाबा. मलाही माहीत आहे," लुडोविक म्हणाला. "म्हणून दोन आणलेत."

रेजिसने सायकल उलटी करून गवतावर टेकवली. मी तोंड उघडणार होते, पण कशी कोण जाणे, गप्प राहिले.

"बघत काय बसलास, गाढवा?" तो पोराला म्हणाला. "पाना दे."