न पाहिलेल्या बाईचं गाणं

विठोबा वस्ताद गाण्याची ओळ चुकली की मारायचा. हाताशी असेल त्याने मारायचा. काठी असली तर काठी, झांज असली तर झांज. धर्माजीच्या डाव्या कानामागे झांजेच्या कडेचा व्रण होता आणि पाणदऱ्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं. वस्तादाकडे शिकलेल्या प्रत्येकाच्या अंगावर काही ना काही होतं.

पाणदरे गाव तळे नावाच्या बाजारगावाच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. सगळी भातशेती करणारी कुणब्यांची घरं. भादव्यात गौरी-गणपती आले की गावोगावचे नाच निघायचे. पायात चाळ बांधून गडी गोल धरायचे, मधे ढोलकी आणि शाहीर. दोन गावचे नाच समोरासमोर आले की सामना. पाणदऱ्याचे शक्तीवाले, म्हणजे देवीला थोर मानणारे; खाडीपलीकडच्या करंजवाडीचे तुरेवाले, म्हणजे शिवाला. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तोडायचा. जो अडेल त्याच्या गावाला वर्षभर मान खाली घालावी लागे.

धर्माजी तळ्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेला होता, म्हणून वस्तादाने त्याला निवडला. पहिल्याच दिवशी हातात दगडी पाटी दिली.

"पहाटे गुरं सोडायच्या आधी चार ओळी लिही. मोठ्यानं म्हण आणि पूस. संध्याकाळी शेतावरनं येताना तोंडात उरेल तेवढं गाणं. बाकीचं वाहून गेलं म्हणायचं."

ही शिस्त धर्माजीने सात वर्षं पाळली. ताप असला तरी पाळली, बाप वारला त्या आठवड्यातही पाळली. एकदा त्याने चार ओळी खेकड्यावर केल्या. खेकडे बांधाला भोकं पाडतात, एका उधाणात खारं पाणी आत शिरतं आणि हिरवं भात उभ्या उभ्या पिवळं पडतं, हे त्याने पाहिलं होतं. ओळी तोंडात टिकल्या. संध्याकाळी त्या वस्तादाला म्हणून दाखवल्या.

"खेकडा कुठल्या पुराणात हाय?" वस्तादाने विचारलं.

वस्तादाने धर्माजीचा डावा अंगठा मुठीत धरला आणि कट्ट असा आवाज येईपर्यंत मागे वळवला. मग म्हणाला, "सभेत खेकडा काढलास तर उजवा मोडीन."

तेव्हापासून धर्माजीच्या गाण्यात रावणाची मुंडकी आली, रक्ताचे पूर आले. हत्ती त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण त्याच्या गाण्यात हत्तींच्या सोंडा तुटून पडायच्या. आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत यायचं, विठोबा गुरूचा चेला सांगे. लोक माना डोलवायचे. धर्माजीलाही वाटायचं, आपल्याला जमलं.

एकोणीसशे एकतीसच्या भादव्यात तळ्याच्या बाजारपटांगणावर सामना ठरला. दुपारी पाऊस उघडला होता. करंजवाडीचा शाहीर सदू म्हणजे गोड गळ्याचा, शांत माणूस. त्याने सीतेच्या सत्त्वाचं गाणं धरलं आणि शेवटी असा सवाल टाकला की धर्माजीला उत्तर येईना. ढोलकी वाजत राहिली. गडी गोलात फिरत राहिले. करंजवाडीची माणसं हसायला लागली. मागून वस्तादाने काठीचं टोक त्याच्या बरगडीत खुपसलं.

"टोमणा मार. त्याची भन नांदत न्हाय. राही. माहेरी येऊन बसली हाय."

धर्माजीने तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचं नावही त्याने तेव्हाच ऐकलं. पण सात वर्षांची सवय कामाला आली आणि ओळी आपोआप जुळल्या.

"सदू शाहीर सभेत सांगतो सीतेचं ते सत्त्व महान,
घरी त्याची भन नवरा सोडून धुंडते हो दुसरं रान."

पटांगण हसण्याने फुटलं. कुणी टोप्या उडवल्या, कुणी तीच ओळ पुन्हा म्हणायला लावली. धर्माजीने ती तीनदा म्हटली. सदूने झांज खाली ठेवली, डोक्याचा फेटा सोडून खांद्यावर टाकला आणि तो गर्दीतून निघून गेला. वस्तादाने स्वतःचा शेला धर्माजीच्या खांद्यावर घातला.

सदू घरी पोचला तेव्हा राही पडवीत अळू चिरत होती. त्याने भिंतीला अडकवलेला कोयता काढला आणि मारला. तिने हात वर केला म्हणून मान वाचली. उजव्या हाताची दोन बोटं अळूत पडली. दुसरा घाव खांद्यात बसला. तिसरा बसला असता, पण म्हाताऱ्या आईने सदूच्या पायांना मिठी मारली आणि ती ओढत ओढत अंगणापर्यंत गेली तरी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी पोलीसपाटील आला तेव्हा राहीने सांगितलं, लाकडं फोडताना लागलं. पाटलाने ते मानलं. मानणं त्यालाही सोयीचं होतं. जखमा भरल्यावर तिला आगरदांड्याच्या बंदरावर मावशीकडे पोचवलं.

पाणदऱ्यात हे कळलं तेव्हा वस्ताद विडी ओढत बसला होता.

"शब्द लागला," तो म्हणाला. "लागला म्हंजे खरा होता."

धर्माजीला त्यानंतर पाटीवर एक अक्षर लिहवेना. तो पहाटे उठायचा, पाटी मांडीवर घ्यायचा आणि कोरीच ठेवून गुरं सोडायचा. रात्रीच्या भाकरीवर त्याचं लक्ष नसायचं. बायको सगुणा दोनदा म्हणाली, "कोयता तुमी मारला न्हाय." तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही.

कार्तिकात भात झोडून झाल्यावर गावातले चौघे होडीतून तांदूळ घेऊन आगरदांड्याला निघाले, त्यांच्याबरोबर तोही गेला. धक्क्याच्या बाजूला मासळीची वाळवणं पसरली होती. एक बाई उकिडवी बसून जवळ्यातला, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीतला, कचरा निवडत होती. तिच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. धर्माजी तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"ऊन अडवू नको," ती म्हणाली.

तो बाजूला सरकला. "मी पाणदऱ्याचा धर्माजी."

तिचा हात थांबला नाही. "गाणं करणारा."

"व्हय."

"मग आता नीट बघून घे. तेव्हा न बघताच केलंस." तिने हात त्याच्या तोंडासमोर धरला. बोटांच्या जागी कातडी लाल आणि चकचकीत होती. "मी नवरा सोडला हे कुणी सांगितलं तुला?"

"आमचा वस्ताद म्हनाला."

"नवऱ्यानं दुसरी ठेवली. मुंबईला चाळीत गेले तर तिनं दार लावलं आणि त्यानं लाथ मारली. जिन्यावरून खाली आले. पाचवा महिना होता. सगळं तिथंच पायरीवर गेलं. ते धुवायला शेजारनीनं पानी दिलं, त्यानं न्हाय." ती अगदी सरळ आवाजात सांगत होती. "तुझ्या गाण्यात हे कुठं होतं?"

"मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं तर तोंड कशाला उघडलंस?"

ती उठली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्या फटक्यात तीन बोटं होती. आजूबाजूच्या बायका पाहायला लागल्या. धर्माजीने गाल चोळला नाही. राही पुन्हा खाली बसली आणि निवडायला लागली. तो होडीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने पाटीवर लिहिलं. रक्ताचा पूर आला. त्याने पुसलं. मग शूर्पणखा आली, तीही पुसली. त्याच्या लक्षात आलं की आपल्या हाताला जे येतं ते सगळं वस्तादाचं आहे, आणि वस्तादाचं त्याच्या गुरूचं असेल. तो पौषापर्यंत रोज लिहीत आणि पुसत राहिला. मग एकदा संध्याकाळी बांधावरून येताना तोंडात फक्त एक ओळ उरली होती, आणि तिच्यात पुराणातलं काही नव्हतं. जवळा होता, तीन बोटं होती. त्या ओळीची त्याला भीती वाटली. अंगठा ठणकल्यासारखा झाला. तरी दुसऱ्या पहाटे त्याने तिच्याखाली दुसरी लिहिली.

गाणं पुरं झाल्यावर तो पुन्हा आगरदांड्याला गेला. मावशी घरात होती, राही दारात. त्याने अंगणात उभं राहून, ढोलकीशिवाय, गाणं म्हटलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"त्यातनं माझं नाव काढून टाक," ती म्हणाली. "माझं नाव एकदा पटांगणात गेलं तेवढं पुरे."

"काढतो."

"आणि शेवटी हा विठोबा कोन?"

"वस्ताद. त्याचं नाव घालायचा रिवाज हाय."

"हे त्यानं केलं काय?"

"न्हाय."

"मग ज्यानं केलं त्याचं घाल." ती आत गेली. दाराआडून तिचा आवाज आला. "मार खाशील. पन मी तुला गा म्हनून सांगितलं न्हाय. तुझं तू बघ."

पुढच्या भादव्यात त्याच पटांगणावर पुन्हा सामना झाला. दुप्पट माणसं आली होती, मागच्या वर्षीचा टोमणा आठवून. सदूही आला होता. वर्षभरात त्याचे गाल बसले होते. त्याने गण म्हटला, गवळण म्हटली आणि सवाल न टाकताच तो मागे सरला. धर्माजी गोलाच्या मधे आला. ढोलकीवाल्याला म्हणाला, "हळू वाजव." मग त्याने सुरुवात केली.

"धक्क्यावरती बसून एक बाई जवळा निवडी,
तीन बोटांनी जवळा निवडी, दोन बोटांची जागा उघडी.
कोयता होता भावाच्या हाती, धार लावली माझ्या गाण्यानं,
बाई कधी मी पाहिली नव्हती, तोडली तिला न पाहिल्यानं."

ढोलकी थांबली. गडी फिरायचे थांबले. कुणी हसलं नाही. पुढच्या ओळी त्याने नुसत्या गळ्यावर म्हटल्या. मुंबईचा जिना म्हटला, पायरी म्हटली, पाणी देणारी शेजारीण म्हटली. शेवटची ओळ आली तेव्हा विठोबा वस्ताद मागे काठीवर रेलून उभा होता, आपल्या नावाची वाट पाहत.

"धर्माजी म्हणे, चूक ही माझी, नाव दुज्याचं लावू कशाला."

वस्ताद साठीचा होता, पण त्याचा हात अजून भारी होता. काठी धर्माजीच्या तोंडावर आडवी बसली. जबडा मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेतल्यांनी ऐकला. तो गुडघ्यावर आला तोच दुसरी खांद्यावर बसली. "माझं खाऊन माझं नाव पुसतोस," वस्ताद म्हणत होता, प्रत्येक काठीला एकदा. पाणदऱ्याच्या गड्यांना वाटलं गावाची अब्रू गेली, त्यांनी चाळ बांधलेल्या पायांनी तुडवायला सुरुवात केली. करंजवाडीवाल्यांना वाटलं त्यांच्या शाहिराच्या घरावर पुन्हा बोट ठेवलं, तेही धावले. सदू सगळ्यांच्या पुढे होता. त्याने धर्माजीच्या बरगड्यांवर लाथा घातल्या आणि घालताना तो रडत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच शक्तीवाले आणि तुरेवाले एका बाजूला होते.

तळ्याच्या बाजारातल्या दोन दुकानदारांनी त्याला गोणपाटावर घालून बाहेर ओढलं. पुढचे पाच दात गेले होते. दोन बरगड्या मोडल्या होत्या. एका हाडवैद्याने जबडा फडक्याने बांधला आणि सांगितलं, दिवाळी होईपर्यंत बोलायचं नाही.

तो घरी पडून राहिला. सगुणा चमच्याने पेज पाजायची. अर्धी खाली सांडायची, रक्त मिसळून. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली तर तो पाटीवर लिहायचा. सगुणाला वाचता येत नव्हतं. पहिले काही दिवस ती पाटीकडे नुसती बघायची, मग एकदा चिडून म्हणाली, "मला कळंल असं लिवा." त्याने 'पाणी' लिहिलं आणि तांब्याकडे बोट केलं. असं करत करत तिला आठ-दहा शब्द ओळखू यायला लागले. ते शब्द लहान होते. धर्माजीलाही मोठे लिहायची ताकद नव्हती. हात दुखायचा, म्हणून जेवढं लागेल तेवढंच. पहाटेच्या ओळीही त्याच मापाच्या व्हायला लागल्या. पेज. फडकं. छपरातून पडणारा उजेड. सगुणाच्या हाताला येणारा चुलीचा वास. त्यात हत्ती कुठेच नव्हता.

जबडा जुळला, पण वाकडा. 'स' म्हटलं की हवा सुटायची, सूर धरवत नसे. शाहिरी संपली. पाणदऱ्याने त्याला नाचातून काढलं होतंच, आता काढायलाही काही उरलं नाही. सदूने पुढे कधी पायात चाळ बांधले नाहीत. बहिणीच्या दारातही तो कधी गेला नाही.

गाणं मात्र फिरलं. दोन वर्षांनी राही सुक्या जवळ्याची टोपली घेऊन तळ्याच्या बाजाराला आली, तशीच पाणदऱ्यालाही आली. धर्माजीच्या ओटीवर बसली, सगुणाने दिलेलं पाणी प्याली.

"परवा बंदरावर कुनी तुझं गाणं म्हनत होता," ती म्हणाली. "त्यात माझी पाची बोटं तोडली. रक्ताचा वहाळ धक्क्यापर्यंत आनला."

धर्माजी वाकड्या तोंडाने म्हणाला, "लोकांना कमी पडलं असंल."

"मला फुगवलेलं नको," ती म्हणाली. "दोन म्हंजे दोन."

तिने जवळा मोजून दिला आणि ती वाटेला लागली. त्या महिन्यात आणखी दोन गावचे लोक त्याच्याकडे गाणी मागायला आले. तो लिहून द्यायचा, पण आधी विचारायचा, ज्याच्यावर गाणं हवं तो माणूस कुठे राहतो. मग स्वतः चालत तिथे जायचा. काही जण वैतागून परत गेले.

एका पहाटे त्याने पाटी घेतली तेव्हा त्याच्या डोक्यात वस्ताद होता. काठी धरलेली मूठ लिहायला बसला आणि अडला. मूठ त्याला आठवत होती ती मारतानाची. बाकी वस्ताद त्याने दहा वर्षांत कधी पाहिलाच नव्हता, नजर खाली असायची. तो उठला आणि गावाच्या वरच्या टोकाला गेला. विठोबा वस्ताद पडवीत एकटा बसला होता. अर्धांगाने त्याची उजवी बाजू गेली होती आणि शिष्यांपैकी कुणी फिरकत नव्हतं. काठी भिंतीशी होती. धर्माजीला पाहून त्याने डावा हात तिच्याकडे नेला, पण हात पोचला नाही.

"मारायला आलास?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"मग कशाला?"

"बघायला."

वस्ताद बराच वेळ त्याच्या वाकड्या जबड्याकडे बघत राहिला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती त्याला जाणवत नव्हती. मग त्याने हनुवटीने समोरची जागा दाखवली.

"उजेडात बस," तो म्हणाला. "मलाबी बघू दे."