घटाचे दिवस

"तू भाईर बस," म्हणून शालनबाईंनी आधी लेकाला केबिनमधून घालवलं. पोटच्या पोराला साऱ्या रावेत गावच्या भानगडी ठाऊक, पण आईच्या अंगावरून जातं हे तेवढं त्याच्या कानावर पडता कामा नये. कुलदीप निमूट बाहेर गेला. सून प्राजक्ता खुर्ची ओढून जवळ बसली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढ्यात घेतला.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"धा-बारा झाली आस्तील," शालनबाई म्हणाल्या.

"आणि पुन्हा अंगावरून कधीपासून जातंय?"

"दोन महिने," प्राजक्तानं सांगितलं. तिला तेवढंच माहीत होतं.

शालनबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गेल्याच्या गेल्या नवरात्रापासनं."

"दोन वर्षं? कुणाला बोलला नाहीत?"

"गोळी घेतली की थांबायचं."

"कसली गोळी?"

"हिची." त्यांनी सुनेकडे बोट केलं. "पाळी पुढं ढकलायची."

प्राजक्ताला आपल्या कपाटातला खण आठवला. लग्नाला सहा वर्षं झाली. गौरी असोत, नवरात्र असो, देवाचं काही निघालं की सासूबाई आठ दिवस आधी तारीख विचारायच्या आणि मेडिकलमधून गोळ्या आणायला लावायच्या. दोन पाकिटं आण, घरात असलेली बरी. खणातल्या गोळ्या कमी व्हायच्या तेव्हा आपणच कधीतरी घेतल्या असतील, असं तिला वाटायचं. त्या आपल्याच हातांनी आणून दिल्या होत्या. मग राग आला, सरळसरळ राग.

"आई, मला तरी सांगायचं."

"काय सांगू? साठीच्या बाईला परत सुरू झालं म्हणून? छबूनं दुसऱ्या दिशी घट उचलून नेला आसता."

छबूबाई म्हणजे शालनबाईंची धाकटी जाऊ. जमीन वाटली गेली, विहीर वाटली गेली, देवीचा घट तेवढा थोरल्या घरात राहिला होता. घट मांडणारीच विटाळाची निघाली तर त्या वर्षी तो धाकटीकडे जाणार, असं ठरलेलं. आणि छबूकडे गेलेलं काही परत येत नाही, हे शालनबाईंना पक्कं माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी कुलदीपला आत बोलावलं. शालनबाई नको नको म्हणत असतानाच त्यांनी सगळं सांगितलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे. पेशींवर वाढीचा निरोप घेणारे रिसेप्टर असतात, ते या गाठीत फार जास्त निघाले. म्हणजे गाठ दांडगी, भराभर पसरणारी. फुप्फुसापर्यंत गेलीय.

"त्या रिसेप्टरवरच चालणारं इंजेक्शन आहे, केमोबरोबर देऊ. त्यानं दिवस वाढतील. बऱ्या होतील असं मी म्हणणार नाही."

"किती दिवस?" कुलदीपनं विचारलं. त्याचं नख टेबलाच्या कडेला घासत होतं.

"दीड वर्ष. कदाचित जास्त. पहिल्यांदा अंगावरून गेलं तेव्हाच आल्या असत्या तर पिशवी काढून निभावलं असतं बहुतेक. गोळ्यांनी रक्त थांबलं. आतलं काही थांबलं नाही. सोमवारपासून सुरू करू."

"सोमवारी न्हाई," शालनबाई म्हणाल्या. "गुरुवारी घट बसत्यात."

"आई!" कुलदीप एवढ्या जोरात ओरडला की बाहेरची नर्स डोकावून गेली.

परतताना हिंजवडीहून सुटलेल्या कंपन्यांच्या गाड्यांत त्यांची गाडी अडकली. मागच्या सीटवर प्राजक्तानं सासूचा हात हातात घेतला. हाताला नुसती हाडं लागली. केबिनमधला राग कुठल्या कुठे गेला आणि तिला रडू फुटलं. शालनबाईंनी तिला रडू दिलं. मग हात सोडवून घेतला, कमरेच्या बटव्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. त्यात अजून बऱ्याच गोळ्या शिल्लक होत्या.

"तुझी तारीख घटातच येतीय. आजपासनं चालू कर. मला सोमवारी सुया टोचणार म्हंजे घट तुलाच मांडायचा हाय."

प्राजक्तानं समोरच्या आरशात गाडी चालवणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द त्यानंही ऐकला होता. त्याचे डोळे लाल झाले होते. तो आता आईला अडवेल म्हणून ती थांबली.

सिग्नल अजून लालच होता. कुलदीपनं शेजारच्या सीटवरची पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि मागे न बघता तिच्यापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "नंतर विसरशील."