विनीची रेघ

"ही एक रेघ जुनी नाही," चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीवरून ब्रश फिरवत, जुन्या चर्चची डागडुजी बघायला आलेल्या मिस गॅथर्कोल म्हणाल्या. "बाकीच्या सातशे वर्षांच्या आहेत. ही फार खोल गेलीय, हिच्यात पाणी मुरतंय. उद्या चुन्यानं बुजवून टाकू."

शेजारी गवत कापायचं यंत्र धरून उभा असलेला अँब्रोज पिडल पांढराफटक पडला. मी बाकावरून उठलो. माझ्या गुडघ्यांच्या आवाजानं आमच्या स्लॉटन गावातले सगळे कावळे उडाले. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

गावात घड्याळं नव्हती, तेव्हा पाद्रीबाबांनी भिंतीत एक भोक पाडलं, त्यात काडी खोचली आणि खाली पंख्यासारख्या रेघा ओढल्या. सावली रेघेवर आली की प्रार्थना. काडी कधीच कुजून गेली, भोक राहिलं. मधल्या रेघेच्या जरा उजवीकडची ती खोल रेघ मात्र माझ्या डोळ्यांदेखत ओढलेली. अँब्रोजच्या बायकोनं, विनीनं, लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात, घोड्याच्या नालेच्या खिळ्यानं.

अँब्रोज इथं कबरी खणतो, गवत कापतो. त्याच्या मनगटावर घड्याळ जगत नाही. तीन मेली, चौथं द्यायला दुकानदारानं हात जोडले. घरी जेवण रोज गार व्हायचं. शेवटी विनी तणतणत आली, रेघ ओढली आणि म्हणाली, "भोकात बोट घाल. बोटाची सावली इथं आली की घरी यायचं. नाही आलास तर कुत्रा जेवेल." उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढं ढकलतं, पण विनीच्या पातेल्याला ते कुणी कळवलं नाही. ऊन नसेल त्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे बहुतेक दिवशी, ती कुंपणावरून हाक मारायची. एकेचाळीस वर्षं. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले.

"सांग की बाईंना," मी कुजबुजलो.

"खुळा आहेस का? चर्चचा दगड कोरला म्हणतील. मेल्यावर तिचं नाव खराब करू?"

मग मीच खाकरलो. "बाई, ही रेघ ब्रदर ऑस्बर्टची."

"कोण ऑस्बर्ट?"

"इथल्या मठातला. असला खादाड, की प्रार्थनेच्या आधीच जेवून मोकळा व्हायचा. मठाधिपतींनी वैतागून ही रेघ आखली. सावली इथं आल्याशिवाय घास नाही! बिचारा भुकेनं रोज इथं उभा राहून नखानं रेघ कोरायचा. म्हणून ती सगळ्यात खोल."

"कुठं लिहिलंय हे?"

"लिहिता यायचं ते सगळे मठातलेच. त्यांना लाज वाटली असणार."

मिस गॅथर्कोल हसल्या नाहीत. त्या अँब्रोजकडे बघत होत्या. आमच्या बोलण्यात त्याचं लक्षच नव्हतं. सवयीनं त्याचं बोट भोकात गेलं होतं, आणि ते तिथं असं बसलं होतं, जसं अंगठीत बसतं. ढग होते, सावली पडली नव्हती.

बाईंनी हातातला ब्रश खाली घेतला. मग त्यालाच विचारलं, "मिस्टर पिडल, या ऑस्बर्टला जेवायला काय असायचं हो?"

"मटण," अँब्रोज भिंतीला सांगावं तसं म्हणाला. "आणि रश्श्यात शिजवलेले पिठाचे गोळे. दर गुरुवारी. बाकी दिवस काय असेल ते, पण गरम."

त्यांनी ब्रश पिशवीत टाकला. वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, आणि जाताना पान माझ्यासमोर धरलं: "उजवीकडची रेघ. काळ अनिश्चित. हात लावू नये."

"थापाडे आहात," मला एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी बाकावर होतो. अँब्रोजनं यंत्र बंद केलं, हात विजारीला पुसले, भोकात बोट घातलं आणि वाट बघत उभा राहिला. सावली रेघेवर आली तसा निघाला. कुंपणापलीकडच्या आपल्या घराच्या फाटकातून आत गेला, पायरीवर बूट घासून चिखल झाडला, ते काढून ओळीत ठेवले. धुराड्यातून धूर नव्हता.

मग दार उघडून तो आत म्हणाला, "आलो गं."

यात माझ्या पदरचं काही नाही.