कर्टिसचा फोटो

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहणारी आश्लेषा सात वर्षं, जमेल त्या रविवारी, कॅमेरा घेऊन शेजारच्या ग्राफ्टनला लोरेटाच्या घरी जात होती. लोरेटा निपमक या मूळ अमेरिकी आदिवासी जमातीची. हा सगळा मुलूख एके काळी तिच्याच माणसांचा. फोटो काढू देताना तिनं एकच अट घातली होती, "डोक्यावर पिसं लावून उभी राहा, असं म्हणायचं नाही." आश्लेषा कधी म्हणाली नाही. तिनं टिपलं ते रोजचं. बर्फ उपसणं, बटाटे सोलणं, टीव्हीसमोरच्या डुलक्या, नातीच्या वेण्या.

मधली काही वर्षं लोरेटाचा मुलगा कर्टिस दारूत बुडाला होता. त्या काळातला एक फोटो आश्लेषाचा सगळ्यात आवडता. फ्रिजला डोकं टेकून कर्टिस जमिनीवर बसलाय आणि त्याच्याकडे पाठ करून आई भांडी विसळतेय. वूस्टरच्या एका गॅलरीनं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा पोस्टरसाठी नेमका तोच निवडला.

लोरेटानं तो बराच वेळ बघितला. "माझी हरकत नाही. पण त्याला विचारलंस?"

विचारलं नव्हतं.

कर्टिस आता दारू सोडून स्कूलबसच्या गॅरेजमध्ये काम करत होता. हात पुसून त्यानं फोटो बघितला. "खोटं काही नाही यात," तो म्हणाला. "पण येणारे मला बघणार नाहीत. हे लोक असलेच, म्हणतील आणि पुढे सरकतील."

आश्लेषा गाडीत येऊन बसली, पण गाडी सुरू करायचं तिला सुचेना.

"एकच तर फोटो आहे यार," घरी तिचा नवरा केदार म्हणाला. "आणि तो नाही कुठे म्हणाला?"

"हो तरी कुठे म्हणाला, केदार?"

तिनं फोटो मागे घेतला. गॅलरीवाली बाई हळहळली. "तो काढला तर हे कुठल्याही घरासारखं दिसतं." मोठं दालन हातचं गेलं आणि प्रदर्शन जिन्याजवळच्या बोळात आलं. लोरेटा नातीला घेऊन आली, फोटोत आपल्या स्वयंपाकघरातले मळके पडदे बघून स्वतःवरच चिडली, मग खूप हसली. कर्टिस फिरकला नाही.

पुढच्या खेपेला मात्र तो दारातच थांबला होता. "जिन्यात लावलं म्हणे."

"जाता-येता सगळे बघतात तिथे," आश्लेषा म्हणाली.

तो किंचित हसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तो फोटो मला मोठा करून दे. मुलीला मीच दाखवेन. ती विचारते मधूनमधून, आणि मला सांगता येत नाही."

महिन्याभरानं तिनं तो नेऊन दिला. कर्टिसनं मुलीला हाक मारली आणि दोघं स्वयंपाकघरात गेली. दार लागलं. त्या घरातलं दार आश्लेषासमोर पहिल्यांदाच लागत होतं. कॅमेरा बॅगेत ठेवून ती बाहेर पायरीवर लोरेटाशेजारी जाऊन बसली. आतून बराच वेळ कर्टिसचा एकट्याचाच आवाज येत होता. मग मुलीनं काहीतरी विचारलं.

लोरेटानं आश्लेषाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.