घाटात घेतलेलं नाव

बांगलादेशाची लढाई चालू होती त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी माहेराहून साक्रीकडे परत येत होते. ओळखीचा फारुख ड्रायव्हर गवताचा ट्रक घेऊन निघाला होता. केबिनीत आधीच माणसं कोंबलेली. "अक्का, वर गवतावर बसाल का?" म्हणाला. बसले. मला मेलीला काय माहीत, घाटातल्या वळणावर झाडाची फांदी रस्त्यावर आडवी आलीय ते!

फांदीनं मला असं लोटलं की ओरडायलाही उसंत मिळाली नाही. थेट खालच्या घळीत. वर ट्रकचा आवाज लांब लांब जात बंद झाला. फारुखला बिचाऱ्याला पत्ताच नाही.

उजवा पाय घोट्यापासून पार फिरला होता. टाच पुढे, बोटं मागे. एकदा बघितलं आणि त्याच्यावर पदर टाकला. दुसऱ्यांदा बघायची छाती झाली नाही. रडले, शिव्या घातल्या, त्या फांदीला, फारुखला, आणि माहेरी आणखी एक दिवस न राहिलेल्या मला स्वतःला.

रात्र कशी काढली ते विचारू नका. तरसाचं हसणं मी लहानपणी ऐकलं होतं, पण ते घरात, आईच्या कुशीत. इथे ते माझ्या उशापायथ्याशी फिरत होतं. हाताशी सात-आठ दगड ठेवले आणि दातखीळ बसेल इतकी घाबरून बसले. डोळा लागला तर पाय धरून ओढत नेईल, एवढंच डोक्यात. सकाळी गवतावरचं दव चाटलं. तहान काही जाईना. मग वाटलं, झाडीत पडून राहिले तर वरून कोणाला दिसणार? कोपरांवर सरपटत उघड्या खडकापर्यंत आले. पदर कुठे सुटला, केस कुठे मोकळे झाले, काही भान नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला आणि वर माणसांचे आवाज आले. आमचे हे आणि धाकटा दीर वना. फारुखनं गावी जाऊन सांगितलं असणार.

"अहो!" मी ओरडले. "अहो, मी आठे शे!" इथे खाली आहे म्हणून सांगत होते.

घसा असा बसलेला की आवाज माझा मलाच ओळखू येईना. वर वना म्हणाला, "भाऊ, काही ऐकू आलं का?" आणि आमच्या ह्यांचं उत्तर, "वारा व्हई." पावलं पुढे जायला लागली.

अहो, अहो करून किती ओरडणार? रानात कुणीही कुणाचा अहो असतो. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. उखाण्यात काय ते एकदा नाव घेतलं, त्यानंतर नाही. रेशनकार्डवाल्यानं विचारलं तेव्हासुद्धा शेजारणीला सांगायला लावलं. पण जीव जायची वेळ आल्यावर कसली लाज! होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि ओरडले,

"झुलाऽऽल! ओ झुलाऽऽल!"

पावलं थांबली. कड्यावर दोन डोकी दिसली. मी हात हलवला. हसलेसुद्धा, आता सुटले म्हणून.

वना किंचाळला, "भाऊ, पाय देख! उलटा पाय!"

आणि आमच्या ह्यांचा आवाज, असा चिरका मी कधी ऐकला नव्हता, "पळ! मन्ही बायको मन्हं नाव लेस नही!"

पळाले हो! दोघंही पळाले!

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भर दुपारची वेळ, मोकळे केस, उलटा पाय आणि वर तोंडानं नवऱ्याचं नाव. मीच मला हडळ केलं. तरसाची वाटली नव्हती तेवढी भीती आता वाटली. आता गावभर होणार, घळीत हडळ आहे म्हणून. या वाटेला कुत्रंही फिरकणार नाही. मी इथे वाळून मरणार आणि घरी माझं दहावं घालणार. खूप ओरडले. शेवटी नुसती हवा निघायला लागली, शब्दच निघेना.

किती वेळ गेला कोण जाणे. वरून खडे घरंगळत आले. मी दगड उचलला. तरस असेल असंच वाटलं.

हे होते. एकटेच. वना काही आला नाही. हातात विळा पुढे धरलेला आणि तोंडानं देवाचं नाव चाललेलं. दहा पावलांवर येऊन थांबले. माझ्या तोंडाकडे बघेनात, पायाकडे तर नाहीच. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

"मीच शे हो," मी पुटपुटले.

त्यांनी डोळे घट्ट मिटले. विळा खाली टाकला आणि हात पुढे केला.

"हडळ ऱ्हाय का कोनी ऱ्हाय," म्हणाले, "मन्हीच शे ना. घर लई जासू."