पुलावर पहिलं कोण?

आमच्या यांनी सहलीच्या पहिल्याच रात्री वय चोरलं. कमी करून नाही, वाढवून.

लेकीनं आम्हा दोघांना बोर्निओला पाठवलं होतं. आमच्याकडे कोरियात मुलं कमावती झाली की आईबापांना परदेश दाखवतात आणि मग आईबाप ते गल्लीभर सांगत फिरतात. आमच्या गटात चार जोडपी, सगळी साठीच्या पुढची. हॉटेलात जेवायला बसलो आणि नेहमीचा प्रश्न निघाला, कोण कुठल्या सालचं? आम्हा कोरियन माणसांना हे कळल्याशिवाय घास उतरत नाही. दादा कुणाला म्हणायचं, अरे-तुरे कुणाला करायचं, पहिला चमचा कुणी उचलायचा, सगळं त्यावर ठरतं. आमच्याकडे दर सालाला एका प्राण्याचं नाव असतं, बारा सालांना बारा प्राणी. समोर प्यो दक-ग्यून बसले होते. पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. ते म्हणाले, "मी कुत्र्याच्या सालातला, अठ्ठावन्नचा." त्यावर आमचे हे शांतपणे म्हणाले, "मी कोंबड्याच्या." म्हणजे सत्तावन्न. खरं तर हे डुकराच्या सालातले, एकोणसाठचे.

प्योंनी उठून वाकून नमस्कार केला आणि यांना दादा म्हणाले. सगळे चमचे खाली ठेवून यांची वाट बघत बसले.

मी अळीमिळी गुपचिळी. त्याला कारण होतं. बस चालवायची नोकरी संपल्यापासून हे घरी टीव्हीपुढे बसून असत. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. मी या माणसाचा आवाज विसरत चालले होते. आणि इथे मानाचं माशाचं डोकं यांच्या पानात, बसमधली पुढची खिडकी यांची, आणि हे चक्क गोष्टी सांगत होते. बर्फात अडकलेल्या बसमध्ये एका बाईला कळा सुरू झाल्या, ती गोष्ट तर मीसुद्धा कधी ऐकली नव्हती. खोट्यामुळे का होईना, माझा नवरा मला परत मिळाला होता. ते उघडं पडलं की हा माणूस पुन्हा टीव्हीपुढे जाऊन बसेल, याचीच मला धास्ती.

मग जंगलातल्या झुलत्या पुलाचा दिवस उजाडला. घामानं निथळत, मोज्यात शिरलेल्या जळवा काढत आम्ही वर चढलो. पूल उंच झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेला. पायाखाली एकच फळी, दोन्ही बाजूंना दोर आणि जाळी. गाइड मुलीनं बजावलं की एका मागे एक जायचं आणि मागे फिरायचं नाही, मागून दुसरी माणसं येत असतात. प्योंचा आवाज एकदम बारीक झाला.

"दादांच्या आधी आम्ही पाऊल कसं टाकणार?" ते म्हणाले. "मान तुमचा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आयुष्यभर घाटात बस चालवलेला हा माणूस रस्त्यावरचा पादचारी पूलसुद्धा चढत नाही. सिग्नलपर्यंत वळसा घालून जातो. हे फक्त मला ठाऊक. यांची पाचावर धारण बसली होती, पण दादापण सुटेना. डोळे मिटून हे निघाले. मागे मी, माझ्यामागे प्यो आणि त्यांची बायको.

पहिला टप्पा संपतो तिथे झाडाच्या बुंध्याभोवती फळ्यांचा ओटा होता. तिथे पोचताच यांनी झाडाला मिठी मारली ती सोडेचनात. पुढचा टप्पा पहिल्याहून लांब होता.

"दादा, चला की," प्यो म्हणाले.

"मी दादा नाही," हे झाडाच्या सालीशी बोलले. "डुकराच्या सालातला आहे. तू मोठा, तू हो पुढे."

झालं, संपलं, असं मला वाटलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात प्योंच्या बायकोनं त्यांना मागून ढोसलं आणि आता तुम्हीही सांगून टाका म्हणाली.

"मी उंदराच्या," प्यो पुटपुटले. म्हणजे साठचे. एका माळेचे मणी!

यांनी झाडावरचं डोकं उचललं. "म्हणजे तरीही मीच मोठा?"

"हो ना, दादा. मग चला पुढे."

दोघं तिथेच भांडायला लागले. पूल हलतोय, मागून दुसऱ्या गटाची हाकाटी, आणि या दोघांचं आपलं कोण जास्त खोटारडा ते चाललेलं. आणि मला एकदम आठवलं. लग्नात माझ्या सासूबाईंनी गावभर सांगितलं होतं की सून मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. नवरी मोठी असली की लोक नावं ठेवतात. तेव्हापासून मी लहान होऊन यांच्या मागे चालत आले. यांनाही ते खरंच वाटू लागलं होतं.

"कुत्र्याच्या सालातली मी आहे," मी म्हटलं. "खरीखुरी अठ्ठावन्नची, तुम्हा दोघांहून मोठी. व्हा बाजूला."

भीती मलाही होती, पण मी फळीवर उतरले. यांनी माझ्या पिशवीचा पट्टा घट्ट धरला. मधोमध आलो तेव्हा माझ्या पायाखालून एक पक्षी उडत गेला. उडत्या पक्ष्याची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली आणि मला इतका आनंद झाला की भीती कुठे गेली कळलंच नाही. मागून यांचा आवाज आला, "अहो, जरा हळू चाला." आजवर मी यांना अहो म्हणत आले होते, यांनी मला कधी नाही.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मला पुन्हा तीच धास्ती. आता हा माणूस गप्प होणार. पण यांनीच सगळ्यांना झाडाला मारलेल्या मिठीची गोष्ट सांगितली, प्योंपेक्षाही मोठ्या आवाजात. वर म्हणाले, पुढच्या वर्षी प्यो मंडळींना आमच्या गावाकडचा घाट दाखवायचा, गाडी मीच चालवणार.

रस्सा आला. वाफा निघत होत्या, पण कुणीच चमचा उचलेना. मी वर पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते. यांनी माशाचं डोकं माझ्या पानात सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले.

मी चमचा हातात घेतला आणि मुद्दाम तसाच धरून ठेवला. चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून मी गार जेवले होते. आज त्यांचंही थोडं गार होऊ दे.