पोटरीवरून घोट्यावर

मी एक जुनी कातडी आहे, मित्रांनो. वय त्रेपन्न. जन्म सापगावच्या शालनच्या पोटरीवरचा, मुक्काम आता घोट्याजवळ. कसा, ते सांगते.

इतकी वर्षं मी भातलावणीच्या चिखलात भिजले, उन्हात भाजले. कुणी कौतुक केलं नाही, मीही मागितलं नाही. गेल्या वर्षी चिखलणीत पॉवर टिलरचं पातं शालनच्या घोट्यावर बसलं. हाड मोडलं नाही, पण वरचं मांस गेलं आणि पांढरं हाड उघडं पडलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला आणि तिची सून रविनाला समजावलं. "उघड्या हाडावर मांडीची पातळ कातडी धरत नाही. दुसरीकडचं मांस आणून रक्तवाहिन्या जोडायच्या, तर मुंबईला जावं लागेल. नाहीतर पोटरीची जाड कातडी, तिची रक्तवाहिनी न तोडता, खाली वळवून बसवू. ती जगली तर पाय वाचला. नाही जगली, तर पाय कापायचीही वेळ येईल." मग विचारलं, "मावशी, विडी, तंबाखू?"

"नाय बा! तसलं कायबी नाय," शालन ठसक्यात म्हणाली. "पोटरीचीच बसवा."

मला वळवून घोट्यावर शिवलं. तिसऱ्या दिवशी माझी कड निळी पडली. जीव घाबरा झाला माझा! डॉक्टरांनी टाके सैल केले, तरी कारण सापडेना. तेवढ्यात रविनाला उशीखाली डबी दिसली.

"आई, मशेरी लावताय तुमी? हितं?"

"अगो, ती दातांना! ती काय तंबाखू हाय?"

"तंबाखूच भाजून करतात ती, मावशी," डॉक्टर म्हणाले. "तिनं रक्ताच्या बारीक वाटा आवळतात."

शालनचा चेहरा उतरला. बिचारी खोटं बोललीच नव्हती. "माज्याच हातानं पाय घालवत व्हते गो," म्हणून ती रडली आणि डबी सुनेच्या हातात दिली. पुढं डोकं दुखायचं, सुनेवर उगाच खेकसायची, पण डबी काही मागितली नाही.

माझी बोटभर कड काळी पडली, कापावी लागली. बाकीची मी जगले. दीड महिन्यानं शालननं पाऊल जमिनीला टेकवलं आणि रविनाचा दंड धरून ओरडली, "हाय गो, माजा पाय हाय!"

मित्रांनो, तुमच्या आजीचं ऑपरेशन ठरलं, तर तंबाखू खातेस का, असं तिला विचारू नका. ती नाही म्हणेल, आणि अगदी मनापासून म्हणेल. मशेरी लावतेस का, असं विचारा.